चाकामागचा दगड

परबकाका रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याला ब्रेक मारून दाखवायला सांगतात.

मीटरने येणार का, सुट्टे आहेत का, हे प्रश्न बाकीच्या घाटकोपरचे. काका रिक्षाला हात करतात आणि ती थांबली की उलट दोन पावलं मागे सरकतात. "जरा पुढे घे," ते म्हणतात. "घे रे, मी कुठे पळून जात नाही. हां. आता मार." निम्मे रिक्षावाले एवढ्यावरच निघून जातात. उरलेले कुतूहलापोटी उरतात. ते थोडं पुढे जातात, ब्रेक मारतात आणि आरशातून मागे बघतात. काका मान कलती करून, डोळे मिटून ऐकत असतात, डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसे. "मागचा डावा चाटतोय," ते जाहीर करतात. "बघून घे वेळेवर." मग आत बसतात. साकीनाका येईपर्यंत त्या रिक्षावाल्याच्या मनात आपल्या डाव्या चाकाविषयी कायमची शंका बसलेली असते.

नवरात्रात आमच्याकडे असल्फ्याला मैदानात आकाशपाळणा आला होता. काका तिकीट काढून रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा त्यांनी पाळणेवाल्याला विचारलं, "याचा ब्रेक कुठाय?" त्याने एक बांबू दाखवला. काकांनी बांबूकडे बघितलं, वर पाळण्याकडे बघितलं, आणि तिकीट मागच्या माणसाला देऊन टाकलं.

माणसंही ते याच मापाने मोजतात. आमच्या खोल्यांच्या ओळीतल्या एका मुलीला बघायला स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, दिसायला बरा. पोहे खाऊन मंडळी गेल्यावर मुलीच्या वडिलांनी काकांना मत विचारलं. काका म्हणाले, "मुलगा झकास. पण बोलायला लागला की उतारावर सुटतो. बघा बुवा." लग्न झालं. ती मुलगी माहेरी आली की काकांच्या दारावरून जाताना नुसती हसते.

"पळतात सगळे," हे त्यांचं लाडकं वाक्य. "थांबायचं कोण शिकवतं?"

मी परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावातली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. अंधेरीला एका ऑफिसात नोकरी लागली आणि ओळखीतून असल्फ्याच्या टेकडीवर परबांच्या शेजारची खोली मिळाली. सामान उतरवत होते तेव्हा काका दारात उभे राहून विचारू लागले.

"काय शिकलीस?"

"बी.कॉम."

"पूर्ण?"

"हो, पूर्ण."

त्यांनी मागे वळून घरात हाक मारली, "अगो, ग्रॅज्युएट आली शेजारी." त्या दिवसापासून माझं नाव ग्रॅज्युएट. आधी मला वाटलं, थट्टा आहे. मग एकदा ते पाण्याच्या टाकीपाशी कोणाला तरी सांगताना ऐकलं, "आमच्या ओळीत आहे एक, पूर्ण झालेली." माझ्या वडिलांनीही माझ्या पदवीचा एवढा अभिमान असा चारचौघांत कधी बोलून दाखवला नव्हता. त्यांना तो होताच, फक्त तो कसा बोलायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं.

काकींनी त्या संध्याकाळी मला जेवायला बोलावलं. वाटीत गुलाबी रंगाचं काहीतरी होतं. मी ते औषध समजून एका दमात प्याले. काकी एवढ्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकून बसावं लागलं. सोलकढी होती. त्यानंतर मी आजारी पडले की काकी वाटी आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "घे गो, तुझा औषध."

मूलबाळ नव्हतं त्यांना. काका, काकी आणि पिकअप, असं तिघांचं घर होतं.

पिकअप काच वाहायची. घाटकोपरच्या एका काचवाल्याकडून मोठमोठ्या तावदानाच्या काचा, कपाटांचे आरसे, दुकानांची दारं काका मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पोचवायचे. मागच्या हौद्यात लाकडी घोडा, त्याला जुनी ब्लँकेटं गुंडाळलेली, आणि त्यावर काच उभी टेकवलेली. आरसा असला की सिग्नलला मागचे मोटारसायकलवाले भांग पाडून घेत. "आपल्या मागे अख्खी मुंबई नटते," काका म्हणत. आणि काचवाला माणूस ब्रेकचं वेड घेऊन जगतो यात मला पुढे पुढे काही विचित्र वाटेनासं झालं. धक्का देऊन थांबणाऱ्या माणसाच्या गाडीत काच टिकत नाही. काकांची एकही काच कधी फुटली नव्हती, निदान ते तसं सांगत आणि काकी ते खोडत नसत.

पिकअप उभी करायची जागा मात्र आमच्या ओळीसमोरच्या चढावर. खाली सपाटीवर मंडळाचं शेड आहे, तिथे जागा नाही. हँडब्रेक जुना झालेला, चढावर त्याचा भरवसा नव्हता. म्हणून रोज संध्याकाळी एक विधी व्हायचा. काका चढावर गाडी आणून दोन छोटे हॉर्न द्यायचे आणि ब्रेकवर पाय ठेवून आतच बसून राहायचे. काकी हातातलं काम टाकून, पदर खोचून बाहेर यायच्या. मिक्सर आल्यापासून त्यांचा जुना पाटा निवृत्त झाला होता, त्याचा एक फुटका तुकडा दाराशी असायचा. तो उचलून त्या मागच्या चाकाखाली सरकवायच्या.

"लागला?" काका आतून.

"लागला," काकी बाहेरून.

मग काका ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलायचे. गाडी अर्धा इंच मागे यायची, पाट्यावर टेकायची, आणि मगच ते खाली उतरायचे. लोक घरी येताना बेल वाजवतात, हे दोघं दगड लावायचे.

हे सगळं त्या गणपतीपर्यंत चाललं.

दरवर्षी गणपतीला ते पिकअप घेऊनच कणकवलीकडच्या त्यांच्या गावी जात. त्या वर्षी मागे गावच्या घरासाठी आरशाचं कपाट होतं, काकींनी मुद्दाम करून घेतलेलं. पुढे काका आणि काकी. घाट उतरताना अर्ध्यावर मागच्या चाकांतून जळका वास येऊ लागला, मग धूर, आणि काकांच्या पायाखालचं पेडल मऊ पडून खाली जाऊ लागलं. काकांनी गिअर पाडून, डोंगराच्या बाजूला घासत, कशीबशी गाडी उभी केली. कोणाला खरचटलं नाही. आरसाही फुटला नाही. हे काका सांगताना त्यांचा आवाज थोडा चढतो, कारण मुख्य मुद्दा तो आहे असं त्यांना वाटतं.

काकींच्या दृष्टीने मुख्य मुद्दा वेगळा होता. त्या दार उघडून खाली उतरल्या, मखराच्या कागदी फुलांची पिशवी काखेत मारली आणि घाट चालत उतरू लागल्या. काका चाकं गार होईपर्यंत थांबले आणि मग पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागोमाग निघाले. पुढे काकी, मागे दोन्ही दिवे मिचकावणारी पिकअप, हौद्यात आरसा आणि आरशात मागे लागलेली गाड्यांची रांग. लोक हॉर्न वाजवत होते. काका खिडकीतून सांगत होते, "अगो, आता गार झाली गाडी." काकींनी घाट संपेपर्यंत वळून बघितलं नाही. खाली उतरल्यावर त्या एका एस.टी.त बसल्या.

गणपती गेले, गौरी गेल्या. निघायच्या दिवशी काकी ओसरीवर बसून राहिल्या. "मी परत त्या गाडयेत बसूचंय नाय," त्या म्हणाल्या. "आधी तिका थांबूक शिकवा."

काका एकटे परत आले.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, येतील आठवड्याभरात. काकाही तसंच म्हणायचे. पण दिवाळी झाली, संक्रांत झाली. रोज फोन व्हायचे, त्यात नारळ, कोंबड्या आणि शेजारच्यांची म्हैस एवढेच विषय असायचे. मध्ये काका पंधरवडाभर गावी राहून आले. तिथे करमेना. मी कारण विचारलं तर म्हणाले, "अगं, गावच्या रस्त्यावर ब्रेक मारायला समोर कोणी येतच नाही. नुसतं चालवायचं. माणूस किती नुसतं चालवणार?"

आणि चढावरच्या त्या विधीला आता दगड लावणारं कोणी उरलं नव्हतं. ऑफिसातून येताना मला लांबूनच पिकअप दिसायची आणि आत काका. ब्रेकवर पाय ठेवून बसलेले. कधी पेपर वाचत, कधी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते समोर बघत. येणारा-जाणारा कोणी थांबला तर ठीक. पण आमच्या वाटेवरचे लोक घाईत असतात आणि गाडीत बसलेला माणूस काहीतरी कामानेच बसला असेल असं समजतात.

"किती वेळ बसलाय काका?"

"आत्ताच आलो," ते म्हणायचे. पेपरचं शेवटचं पान वर असायचं.

"हाक मारायची ना कोणाला तरी."

"तूच आलीस ना. लाव दगड."

मी पाट्याचा तुकडा सरकवायचे. पहिल्यांदा तो मी आडवा लावला, तेव्हा ते आरशातून बघून म्हणाले, "उभा लाव. पाट्याचा घासलेला भाग चाकाकडे. ग्रॅज्युएट आहेस ना." मग मी शिकले. "लागला?" "लागला." पण माझ्या 'लागला'नंतर ते काकींच्या वेळेपेक्षा जरा जास्त वेळ घेऊन पाय उचलायचे. मला राग नाही आला. माझा 'लागला' नवा होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी काका माझ्या दारात आले. "मागचे ड्रम काढून डिस्क बसवतोय," त्यांनी सांगितलं. एखाद्याने घरात मुलाची मुंज ठरल्याचं सांगावं तसं.

मला काही कळलं नाही, हे त्यांना तोंडावरूनच कळलं. ते माझ्या स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळले. "ड्रम म्हणजे हा कुकर. आतून पट्टे दाबतात, घासतात, तापतात, आणि वाफ जायला शिट्टीच नाही. डिस्क म्हणजे हा तवा. उघडा. दोन्ही बाजूंनी सांडशीने पकडायचा. तापला तरी वारा लागतो, गार होतो." त्यांनी खरोखर तवा सांडशीत पकडून मला फिरवायला लावला. तवा थांबला. "बघ," ते म्हणाले. "ही गाडी तिला दाखवली की ती येणार."

साकीनाक्याचे इस्माईलभाई काकांचे जुने मेकॅनिक. मूळचे खेडकडचे, त्यामुळे दोघांचं भांडण चांगल्या मराठीत चालतं. मी गॅरेजात गेले तेव्हा ते चाललंच होतं.

"परब, पुढे डिस्क, मागे ड्रम, असंच कंपनीने दिलंय. कंपनीवाले काय येडे आहेत?"

"कंपनीवाल्याची बायको घाटात उतरून चालत गेली होती का?"

"अरे, मागे डिस्क टाकलीस तर हँडब्रेक जातो तुझा. चढावर काय करशील, गाडीला मिठी मारून उभा राहशील?"

"हँडब्रेकवाला कॅलिपर आण."

"तो काय झाडाला लागतो?"

झाडाला नाही, पण कुर्ल्याच्या भंगार बाजारात तो मिळाला. काका कितीतरी रविवार तिथे फिरत होते. दुसऱ्या एका गाडीच्या तव्यासारख्या थाळ्या आल्या, सांडशीसारखे ते कॅलिपर आले. ते पिकअपच्या जुन्या आसावर बसेनात, म्हणून साकीनाक्याच्याच एका लेथवाल्याकडून जाड पत्र्याचे ब्रॅकेट करून घेतले. पहिल्यांदा ते उलट्या बाजूचे झाले. डाव्याचे उजवे होत नाहीत का, असं मी विचारलं तेव्हा दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं आणि मी चहा सांगायला गेले.

एकदा काका पान आणायला गेले असताना इस्माईलभाई मला म्हणाले, "तुला एक सांगू? जुन्या ड्रमला काही झालं नव्हतं. मी तेव्हाच उघडून बघितला. पट्टे जळून नुसते काचेसारखे गुळगुळीत झालेले. का? हा माणूस सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरला. एवढी वर्षं गाडी चालवतोय, त्याला माहीत नाही, घाटात गिअरवर उतरायचं? तूच विचार त्याला."

मी परतीच्या वाटेवर विचारलं.

"ती बाजूला बसून 'हळू, हळू' म्हणत होती," ते म्हणाले. "खालच्या गिअरमध्ये टाकली की इंजिन ओरडतं. त्या आवाजाला घाबरते ती. मग पाय ठेवला. ती म्हणाली अजून हळू. मग अजून ठेवला."

"म्हणजे गाडीत दोष नव्हताच. हे काकींना सांगा ना, काका. त्यांची भीती जाईल."

"काय सांगू? तुझ्यामुळे ब्रेक गेले म्हणून?" त्यांनी रस्ता ओलांडण्याआधी, सगळ्या गाड्या पूर्ण थांबेपर्यंत, हात आडवा धरून मला मागे ठेवलं. "गाडीला नावं ठेवली तर गाडीला वाईट वाटत नाही."

त्याच आठवड्यात काकींचा मला फोन आला. कोंबड्यांचा आवाज ऐकू येत होता.

"काय करतंत गो ते सध्या? फोनवर घाईत असतंत."

मी सांगितलं, मागचे ब्रेक बदलताहेत. पलीकडे बराच वेळ नुसत्या कोंबड्याच बोलत राहिल्या.

"माझ्यासाठी?" काकींनी विचारलं.

"हो. तुम्ही म्हणाला होतात ना."

"अगो पोरी," त्या म्हणाल्या. "ब्रेकचा आपला बोलण्यापुरता. माझे गुडघे तो चढ चढणारे राहिले नाय आता. पाणी भरताना माझा जीव जायचा, तुला ठाऊक नाय, मी दाखवला नाय. इकडे एक पायरी उतरली की अंगण. आणि खरं सांगू, मला बरा वाटता इकडे. त्यांना कसं सांगू, की तुमची मुंबई मला नको झाली? गाडीचा नाव घेतला." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "मला काय ठाऊक, खरंच बदलत बसतील. तू सांगू नको हां काही."

मी नाही सांगितलं. पण त्यानंतर गॅरेजात गेले की मला त्या पिकअपकडे बघवत नसे. दोघांनी मिळून सगळं त्या बिचारीच्या मागच्या चाकांवर ढकललं होतं.

शेवटी एका रविवारी सगळं बसलं. आता पाइपात नवीन तेल भरून त्यातली हवा काढायची होती. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने गाडीत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली झोपून चाकापाशी छोटा स्क्रू सोडायचा, हवेचे बुडबुडे गेले की आवळायचा, मग वरच्याने पाय सोडायचा. हवा राहिली तर पेडल मऊ पडतं. खालच्याचं आणि वरच्याचं एकमेकांशी जमलं पाहिजे. गॅरेजातली माणसं काकांना नको होती. "झुरळ मारल्यासारखं दाबतात," ते म्हणाले. "ग्रॅज्युएट, चढ वर."

अशा तऱ्हेने माझी पदवी पहिल्यांदा थेट कामाला आली. मी चपला काढून बसले. काका खाली गेले. आता बाहेरून त्यांचे फक्त बूट दिसत होते.

थोड्या वेळाने खालून पान्याने लोखंडावर टक् असा आवाज आला. मी वाट बघत राहिले. परत टक्.

"काका, काही बोललात का?"

मग ते म्हणाले, "हां. दाब. एक टक् म्हणजे दाब आणि धर. दोन म्हणजे सोड. तिला सवय होती. ती वर लसूण सोलत बसायची, पायाने दाबायची."

"मला तोंडाने सांगा ना. दाब, सोड."

"सांगतो."

"दाब," ते म्हणाले. मी दाबलं. "धर. धर. सोड." दोन-तीन वेळा असं झालं आणि मग ते विसरले. परत टक् आला. या वेळी मी दाबलं. टक् टक्. मी सोडलं. त्यानंतर सगळी हवा निघेपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. पेडल हळूहळू पायाखाली घट्ट होत गेलं, भरलेल्या हंड्यासारखं. ते घट्ट होताना मला फार आनंद झाला, पण ही मेहनत कुठे जाणार आहे हेही मला ठाऊक होतं.

काका बाहेर आले, गाडीत बसले, चालू केली, गिअर टाकला. गाडी हललीच नाही. इंजिन ओरडलं, मागची चाकं जागच्या जागी घट्ट. इस्माईलभाई गॅरेजभर हसत सुटले. "घे परब. थांबायला शिकली, चालायला विसरली." जुन्या पाइपात ड्रमसाठी एक छोटा व्हॉल्व्ह होता, तो तेलाचा दाब धरून ठेवत होता आणि सांडशी तवा सोडतच नव्हती. तो काढायचा इस्माईलभाई स्वतःच विसरले होते, त्यामुळे ते सगळ्यात मोठ्याने हसत होते. काका रागावले नाहीत. उतरून त्यांनी गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. "राहूदे," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी जास्तच अभ्यास केलाय तिने."

व्हॉल्व्ह निघाला, हवा परत काढावी लागली, परत टक् टक्. मग काकांनी मला बाजूला बसवून असल्फ्याच्या उतारावरून गाडी आणली. डॅशबोर्डवर स्टीलचा पेला, काठोकाठ पाणी. खाली शाळेसमोर मुलं आडवी आली तेव्हा काकांनी ब्रेक मारला. गाडी थांबली, कोणी हाताने धरावी तशी. पाणी काठाला आलं आणि परत आत गेलं. काकांनी पाण्याकडे बघितलंच नाही. ते माझ्या पायांकडे बघत होते.

"तू पाय दाबला नाहीस," ते म्हणाले. तेव्हा मी खाली पाहिलं. माझ्या पायाखालच्या रबरी चटईला एक खोल खड्डा पडला होता, टाचेएवढा. वर्षानुवर्षं काकी तिथे बसून, ब्रेक नसलेल्या जागी, आपला ब्रेक मारत आल्या होत्या.

दुसऱ्या आठवड्यात काका गावी गेले. निघताना त्यांनी दाढी केली होती आणि पुढच्या सीटवर धुतलेली चादर घातली होती. ओळीतले सगळे बाहेर आले. "काकींना घेऊनच या," लोक म्हणत होते. मी पाट्याचा तुकडा चाकाखालून काढला.

ते परत आले त्या दिवशी मी ऑफिसातून चालत वर येत होते. चढावर पिकअप उभी होती. आत काका होते. बाजूच्या सीटवर, धुतलेल्या चादरीवर, एक फणस बसवलेला होता आणि त्याला पट्टा लावलेला होता.

मी खिडकीपाशी गेले.

"बसली ती," काका म्हणाले. मी विचारण्याआधीच. "घाटापर्यंत नेली. वर चढवली, खाली आणली. तू विचारशील म्हणून सांगतो, गिअरवर उतरलो. इंजिन ओरडलं तरी काही बोलली नाही. आणि पाय नाही दाबला तिने. एकदाही नाही."

"मग?"

"मग काय. दारात आणून उभी केली. म्हणाली, आता बरी थांबते." त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली. "उतरली, अंगणातला एक धोंडा आणून चाकामागे लावला. अंगण सपाट आहे गं. सपाटीला कोणी दगड लावतं?"

मी खिडकीच्या काठाला टेकून उभी राहिले.

"एक पायरी आहे ओसरीला," काका म्हणाले. "एकच. तीही खांब धरून चढते. मी बघत होतो." ते समोरच्या आमच्या ओळीकडे, तिथे जाणाऱ्या चढाकडे बघत राहिले. "हा कुठला जमायला तिला. मी आपला ब्रेकचं घेऊन बसलो होतो."

खाली मंडळाच्या शेडपाशी मुलं क्रिकेट खेळत होती. फणसाचा वास येत होता.

"तुला पाठवलाय तो," काका म्हणाले. "म्हणाली, ग्रॅज्युएटला कापता येणार नाही, तुम्ही कापून द्या."

"उतरा मग. मी तेल आणते हाताला लावायला."

ते उतरले नाहीत. त्यांचा पाय अजून ब्रेकवर होता.

"दगड लाव," ते म्हणाले.

मी आत वाकून बघितलं. नवा हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता. निघायच्या दिवशी, मी दगड काढल्यावर, याच चढावर त्यांनी तो ओढून, पाय काढून, दोन्ही हात हवेत धरून मला दाखवलं होतं, की गाडी केसभरही सरकत नाही.

"हँडब्रेक लागलाय ना, काका?"

"लागलाय," ते म्हणाले. "तू लाव."

मी त्यांच्या घराच्या दाराशी गेले. पाट्याचा तुकडा उचलला, घासलेली बाजू चाकाकडे केली आणि आत सरकवला.

"लागला?"

"लागला."

त्यांनी ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलला. गाडी हलली नाही, दगडापर्यंत आलीसुद्धा नाही. तरी ते क्षणभर थांबले, टेकल्याचं ऐकण्यासाठी मान कलती केली, आणि मग फणसाचा पट्टा सोडायला वळले.